हत्ती हलत नाही

फर्स्ट इयरला सरांनी सांगितलं, आठवड्याला पन्नास स्केचेस, आणि हलती माणसं काढा. मी सांगलीहून नुकतीच आलेली, हलती माणसं म्हणजे लोकलचा प्लॅटफॉर्म, आणि तिथे मी पेन्सिल टेकवेपर्यंत माणूस दादरला पोचलेला असायचा. मग रूममेट म्हणाली, भायखळ्याला जा, राणीबागेला लागून म्युझियम आहे, तिथलं काहीच हलत नाही.

भाऊ दाजी लाड म्युझियम, 1872 सालचं. हिरवे-सोनेरी खांब, आणि काचेच्या कपाटात वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती. त्या काढायला बसले पण काचेत अर्ध्याहून जास्त माझंच तोंड दिसायचं, त्यात मागे शाळेची सहल येऊन उभी राहिली. "ताई मला काढा ना", "ताई ह्याला काढा, ह्याचं नाक बघा". गुपचूप स्केचबुक मिटून बाहेर बागेत आले, तर तिथे हत्ती.

काळ्या दगडाचा, घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते ह्याच्यावरूनच. 1864 साली साहेब त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि तुकडे झाले, मग न्यायचा बेत राहिला आणि तुकडे इकडे बागेत आले. जोडला थेट 1914 ला. पन्नास वर्षं बिचारा सुट्या भागांत पडून.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी आपली पायाची रेघ काढतेय आणि ती काही केल्या जुळेना. खोडलं, काढलं, परत खोडलं, कागदाला लव आली. शेवटी वैतागून उठून जवळ गेले तर चुकलेली रेघ दगडातच होती, जोडाची. मी तीच खोडत बसले होते.

मग मुद्दाम जोडच आधी काढले, हत्ती नंतर. हा हत्ती मला पहिल्यांदा जरा जड वाटला, म्हणजे जमिनीवर उभा असलेला, नाहीतर माझे प्राणी फुग्यासारखे तरंगतात. सरांनी बघितलं, म्हणाले, "ह्याच्या पायाला प्लास्टर का घातलंयस?" म्हटलं, सर, मोडलाय तो खरंच. त्यांनी सही केली पण पन्नासात अकरा हत्ती चालणार नाहीत हेही सांगितलं.

तरी मी जात राहिले. एक माळीकाका रोज पाइप धरून लांबून बघायचे, कधी बोलले नाहीत. चौथ्या-पाचव्या खेपेला पाइप खाली टाकून शेजारी आले, स्केचबुकाची पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "सगळे इकडूनच काढतात. तिकडं मागं ऊन पण नाय लागत."

मी माझी बाटली आणि पेन्सिली उचलून शेपटीच्या बाजूला जाऊन बसले.