आईची किमो, रिलॅक्सेशन आणि एक चिठ्ठी

आईला ब्रेस्ट कॅन्सर, किमो डे-केअरला, म्हणजे औषध घेऊन त्याच दिवशी घरी, अशी चालू होती. डॉक्टर, औषधं सगळं ठीक, त्याबद्दल काही म्हणणं नाही. डोकं फिरवलं ते काऊन्सेलिंगच्या खिडकीने.

झालं असं की दुसऱ्या किमोनंतर आईला हॉस्पिटलचं गेट दिसलं तरी मळमळायला लागायचं, औषध चढायच्या आधीच. सिस्टर म्हणाल्या असं बऱ्याच जणांना होतं, इथेच रिलॅक्सेशन शिकवतात, जाऊन या. गेलो. खिडकीवर पहिला प्रश्न, "युनिटची चिठ्ठी?" युनिटला, म्हणजे आईच्या डॉक्टरांच्या टीमकडे, गेलो तर डॉक्टर राउंडला, चिठ्ठी मिळाली तर शिक्का नाही, शिक्का मारून आणला तर जेवणाची सुट्टी, आणि सुट्टी संपल्यावर कळलं की फाईल रेकॉर्डला गेलीय, फाईल नाही तर नोंद नाही आणि नवीन पेशंट ठरलेल्या वारीच बघतात. अहो मग हे सगळं एकदमच सांगा ना! आई बाकावर भिंतीला टेकून बसलेली, मागे ताण कमी करा असं पोस्टर. एवढा राग आला होता मला. म्हणून सांगतो, चिठ्ठी पहिल्या किमोलाच मागून ठेवा, शिक्क्यासकट, आणि फाईल हातची सोडू नका.

आत गेल्यावर मॅडमनी अर्ध्या तासात शिकवलं. पायापासून एकेक स्नायू पाचेक सेकंद आवळायचा, मग एकदम सैल सोडायचा, श्वास सोडताना जास्त वेळ घ्यायचा. सुई असलेला हात आवळायचा नाही. हे घरी रोज करायचं, नुसतं किमोच्या दिवशी करून उपयोग नाही.

किमो चालू असताना आई गाणीही ऐकायची, त्यावर आमचे मामा म्हणाले, गाणी ऐकून कॅन्सर जातो का? नाही जात. घाबरं होणं कमी होतं, आणि अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेच्या 2023 च्या गाईडलाईनमध्येसुद्धा ट्रीटमेंट चालू असताना येणाऱ्या अस्वस्थतेसाठी म्युझिक थेरपी आणि रिलॅक्सेशन आहे. आईची मळमळ पूर्ण गेली नाही, उलटीची गोळी चालूच होती, पण गेटवर माझा हात घट्ट धरायची ते थांबलं.

गाणी घरूनच डाऊनलोड करून न्या, डे-केअरमध्ये रेंज नसते. इयरफोन एकाच कानात, नाहीतर सिस्टरची हाक ऐकू येत नाही. आणि अगदी जीव की प्राण असलेली गाणी किमोत लावू नका, मॅडम म्हणाल्या नंतर तीच ऐकली की मळमळतं. आईने तिची भजनं घरासाठी राखून ठेवली, तिथे नुसती बासरी.

लोकलला दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, कागद जवळ ठेवा, लोक विचारतात.