बसंतरचा सेंच्युरियन, खेळाच्या टेबलासाठी

वॉरगेमिंगचा, म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेलनी लढाई खेळायचा, रणगाडा काचेच्या कपाटातल्या मॉडेलसारखा बनवून चालत नाही. दर डावात तो बोटांनी उचलला जातो, टरेट (तोफेचा फिरता घुमट) फिरवला जातो आणि तीन फुटांवरून तो झटकन ओळखू यावा लागतो. १:७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचा, सेंच्युरियन रणगाडा मी याच हिशेबानं बनवला.

आमचा गट १९७१ च्या भारत-पाक युद्धातली बसंतरची लढाई खेळतो. १६ डिसेंबरला पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमधून पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी लढले. गाडीनं पेट घेतला तरी त्यांनी ती सोडली नाही. वय २१, जन्म पुण्याचा. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यामुळे हे काम उरकून टाकण्यातलं नव्हतं.

जोडणी सोपी आहे. सुटे भाग निपरनं कापायचे, साबणाच्या पाण्यानं धुवायचे, प्लास्टिक सिमेंटनं चिकटवायचे. सेंच्युरियनच्या चाकांचा वरचा भाग बाजूच्या पत्र्यांमागे झाकलेला असतो, म्हणून ते पत्रे मी चाकं आणि पट्टे रंगवून झाल्यावर बसवले. तोफ ८४ मिमीची, म्हणजे या मापात जेमतेम सव्वा मिलिमीटर. हातड्रिलनं तोंड कोरलं की प्लास्टिकची कांडी एकदम तोफ वाटायला लागते. टरेट चिकटवला नाही, खाली छोटं चुंबक घातलं. आत लोखंडी नट भरले, वजनानं गाडी टेबलावर घट्ट बसते. अँटेना मात्र कपड्यांच्या ब्रशच्या नायलॉनच्या केसाची. ती वाकते, पण मोडत नाही.

खरी कसोटी रंगाची, तीही सोलापूरच्या उन्हाळ्यात. दुपारी गच्चीवर प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) मारला तर फवारा हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून फवारणी पहाटे, ऊन चढायच्या आत. ॲक्रिलिक रंगही ताटलीत बघता बघता सुकतात. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या झाकणात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग.

रंग ऑलिव्ह ग्रीन, पण खऱ्या गाडीचा जसाच्या तसा लावला तर एवढ्या लहान वस्तूवर तो काळपट दिसतो. मी त्यात थोडा खाकी मिसळून उजळ केला. मग खाचांमध्ये पातळ तपकिरी वॉश, आणि कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट रंग. हातात घेतल्यावर हे भडक वाटतं. टेबलापाशी उभं राहिलं की बरोबर जमतं.

धुळीवरून काकांशी चर्चा झाली. "आपल्या शेतातली माती चाळून लाव की रे," ते म्हणाले.

"काका, आपली काळी. लढाई झाली तो शकरगढचा भाग गाळाचा, तिथली धूळ फिकट."

"मग खडू खरवड," म्हणाले. मी तेच केलं. फिकट तपकिरी खडूची पूड चाकांवर आणि पत्र्यांच्या खालच्या कडेला लावली.

नाव लिहायला सात रस्त्याजवळच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरमामांचा सल्ला घेतला. "ब्रश बारीक नको, टोक बारीक पाहिजे. आणि श्वास धरू नको, सोडता सोडता रेघ ओढ." हात खरंच स्थिर राहतो. 'फामागुस्ता' ही अक्षरं तीन फुटांवरून कुणालाच वाचता येणार नाहीत. तरी ती लिहायचीच होती.

शेवटी मॅट वार्निशचे दोन हात दिले, कारण बोटांचा घाम रंग खातो. आता समोरच्या बाजूचे पॅटन बनवायचे आहेत. त्यांचं अंग गोलसर, सेंच्युरियनसारख्या सरळ कडा नाहीत, त्यामुळे कोरड्या ब्रशचा तिथे फारसा उपयोग नाही. वरून खाली उजळ ते गडद अशा छटा द्याव्या लागतील.