इंग्लिश बिटर, अमेरिकन माल्ट आणि कोल्हापुरी गूळ

सिअ‍ॅटलमध्ये राहून इंग्लिश बिटर, ही इंग्लंडातली कडवट बिअर, घरी करायची म्हणजे पहिली अडचण सामानाची. रेसिपी लीड्सच्या मित्राची, २० लिटरची: ३.२ किलो मॅरिस ऑटर माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), १५० ईबीसीचं (ईबीसी हे रंगाचं युरोपीय माप) २०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि ३०० ग्रॅम इन्व्हर्ट सिरप (साखर फोडून केलेला पाक). दुकानात यातलं काहीच नव्हतं. मागवता आलं असतं, पण इथल्या याकिमा खोऱ्यात अमेरिकेतले बहुतेक हॉप्स पिकतात. मग म्हटलं, मिळेल त्यातच जमवू.

प्रत्येक जिन्नस बिअरमध्ये काय काम करतो ते बघून त्याला पर्याय शोधला. मॅरिस ऑटर खमंग, बिस्किटाच्या चवीचं. इथलं टू-रो हे नेहमीचं माल्ट त्यापुढे सपक. म्हणून टू-रो २.९ किलो घेऊन ३०० ग्रॅम म्युनिक माल्टची जोड दिली. क्रिस्टलचं सोपं होतं. इकडे रंग लोव्हिबाँडमध्ये मोजतात, १५० ईबीसीच्या जवळ ६० लोव्हिबाँडचं येतं.

हॉप्स ग्रॅमला ग्रॅम बदलून चालत नाही. मूळ रेसिपीत ५ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातून येतो) ४० ग्रॅम गोल्डिंग्ज तासभर उकळायचे होते. माझ्या मॅग्नम जातीच्या हॉप्सच्या पाकिटावर १२.५ टक्के छापलेलं. ४० गुणिले ५ म्हणजे २००, भागिले १२.५, झाले १६ ग्रॅम. कडवटपणा तेवढाच. शेवटच्या १० मिनिटांत वासासाठी टाकायच्या २५ ग्रॅमला हा हिशेब लागू नाही, तिथे कूळ बघावं लागतं. विलामेट ही फगल या इंग्लिश हॉप्सपासून निघालेली जात, वास मातकट आणि थोडा फुलांचा. तीच घेतली.

सगळ्यात जीव लावला तो गुळावर. इन्व्हर्ट सिरपमुळे बिअर अंगानं हलकी राहते आणि मागे कॅरॅमलची चव रेंगाळते. सिरपमध्ये पाणी असतं, म्हणून त्याच्या जागी गूळ २५० ग्रॅमच धरला. देशी दुकानात दोन ढेपा होत्या, एक पिवळीधमक, एक काळपट. काळपट उचलली, रंग उजळायला गुऱ्हाळात कधी कधी हायड्रॉस हे रसायन घालतात, आणि मला तो गडद रंग हवाच होता. उकळी संपायच्या आधी आच बंद करून चिरलेला गूळ टाकला आणि तळाला खडा लागेनासा होईपर्यंत ढवळत राहिलो, नाहीतर करपतो. वर तपकिरी फेस आला आणि काहिलीजवळ उभं राहिल्यासारखा वास घरभर पसरला.

यीस्ट कोरडंच, इंग्लिश जातीचं, १८-१९ अंशांवर. घनता १.०४४ वरून १.०११ वर आली, म्हणजे अल्कोहोल साधारण ४.३ टक्के. बाटल्या भरताना गॅससाठी मात्र साधी साखर वापरली. गुळात ओलावा कमीजास्त असतो आणि बाटलीतल्या दाबाशी खेळ नको.

बिअर तांबूस आणि कोरडी झाली. शेवटी जिभेवर गुळाचा किंचित खारटपणा येतो, मूळ रेसिपीत तो नाही. मला तो फार आवडला. पुढच्या वेळी विलामेट थोडा वाढवणार आहे, गूळ आहे तेवढाच ठेवून.