तुम्ही विचारलेत म्हणून: दुकानात सफरचंदे असताना बागेत कशाला जाता?

महाराष्ट्रातून आमच्याकडे मॅसॅच्युसेट्सला येणारे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. दुकानात सफरचंदांचे ढीग असताना, वर जास्त पैसे मोजून ती स्वतःच्या हाताने तोडायला बोल्टन किंवा स्टोसारख्या गावापर्यंत गाडी कशाला न्यायची? पैशांचा आक्षेप मला मान्य आहे, कारण बागेत पिशवीच्या मापाने विकले जाणारे फळ दुकानातल्यापेक्षा बहुधा महागच पडते. तरीही मी जाते, कारण मला हवी असलेली सफरचंदे दुकानात येतच नाहीत.

पाहुणे सहसा मे-जूनमध्ये येतात आणि तेव्हा इथल्या दुकानात जे स्थानिक सफरचंद मिळते, ते आदल्या शरद ऋतूत उतरवलेले असते. शून्य अंशाच्या आसपासच्या बंद कोठारात प्राणवायूचे प्रमाण एक ते तीन टक्क्यांपर्यंत खाली आणले, की फळाचा श्वास मंदावतो आणि पिकण्याची क्रिया कित्येक महिने जवळजवळ थांबून राहते. ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. मात्र तिच्यामुळे दुकानदार टिकाऊ आणि प्रवास सोसणाऱ्या जाती निवडतो, आणि सुवासिक पण लवकर मऊ पडणाऱ्या जाती मागे राहतात.

अशा जातींत माझी पहिली पसंती मॅकिंटॉशला आहे. सप्टेंबरच्या मध्याला नुकत्याच उतरवलेल्या मॅकिंटॉशचा गर पांढराशुभ्र, रसाळ आणि आंबटगोड असतो, पण काही आठवड्यांतच तो भुसभुशीत होऊ लागतो. सफरचंदाच्या बीपासून आईच्या गुणांचे झाड मिळत नसल्यामुळे हापूसप्रमाणे याचीही कलमेच करावी लागतात, आणि म्हणून आज जगात असलेले प्रत्येक मॅकिंटॉशचे झाड कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात जॉन मॅकिंटॉश यांना 1811 मध्ये सापडलेल्या एकाच रोपाचा विस्तार आहे. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, मॅकिंटॉश पसरण्याआधी बाल्डविन या जातीचे राज्य होते. 1933-34 च्या भीषण थंडीत तिची झाडे मोठ्या संख्येने मेली आणि त्या जागी बागाईतदारांनी थंडीला अधिक काटक असलेले मॅकिंटॉश लावले.

आम्ही जातो ती बाग एका कुटुंबाची आहे. तिथे जातीनुसार ओळी आहेत आणि झाडांची कलमे ठेंगण्या जातीच्या खुंटावर बांधलेली असल्यामुळे शिडी लागत नाही. तोडण्याची रीत मात्र पाहुण्यांना दर वेळी शिकवावी लागते. फळ खाली ओढायचे नसते, तर तळव्यात धरून किंचित वर उचलत पिळायचे असते. तयार फळ देठासकट सहज सुटते. ओढले तर ज्या आखूड, गाठाळ काडीवर पुढच्या वर्षीची कळी असते, ती काडीच मोडून हातात येते. शिवाय लाल रंगावर विसंबू नये. लालीच्या मागची हिरवी छटा पिवळसर झाली आहे का ते पाहावे, आणि शंका असल्यास एक फळ कापून बिया तपकिरी झाल्या आहेत का ते तपासावे. झाडाच्या बाहेरच्या बाजूची, उन्हातली फळे आधी तयार होतात. (ट्रॅक्टरची फेरी आणि भोपळ्यांची रास यांसाठी शनिवार-रविवारी होणारी गर्दी मला सोसत नाही, त्यामुळे शक्य तेव्हा मी आठवड्यातली एखादी सकाळ निवडते.)

घरी आणल्यावर प्रत्येक जातीचे काम वेगळे असते. कॉर्टलंडचा गर कापल्यावर लवकर काळा पडत नाही, म्हणून ते कोशिंबिरीला घ्यावे. मॅकिंटॉश शिजताच विरघळते, त्यामुळे साखरांब्याला फोडी अखंड हव्या असतील तर ते टाळावे. आंबट, हिरव्या ऱ्होड आयलंड ग्रीनिंगचा मेथांबा कैरीच्या मेथांब्याच्या इतका जवळ जातो, की मी आता कैरीची वाट पाहत नाही. रॉक्सबरी रसेट ही याच राज्यात सतराव्या शतकात निपजलेली जात चिकूसारख्या खरखरीत, तपकिरी सालीची असल्यामुळे पाहुणे ती पिशवीत टाकायला तयार नसतात, पण ऑक्टोबरच्या अखेरीस तोडून थंड जागी ठेवली, तर तिची चव महिनाभराने आणखी गोड होते.

ही फळे फ्रिजमध्ये ठेवताना पालेभाजीपासून दूर ठेवावीत, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे मेथी-पालक लवकर पिवळे पडतात. आणि आपण येणारच असाल, तर या खेपेला मे महिन्याचे तिकीट काढू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या, म्हणजे मॅकिंटॉश आणि कॉर्टलंड दोन्ही सापडतील.