गोल बुडाची कढई आणि काचेची शेगडी

सकाळी सिलिंडर संपलं आणि सांबारवडीचं सारण तयार. (नागपूरबाहेरच्यांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं ते नव्हे!) मग काचेची इलेक्ट्रिक शेगडी काढली, त्यावर सासूबाईंची गोल बुडाची लोखंडी कढई. तेल तापता तापेना. तापणार कसं, गोल बूड काचेला टेकतं ते रुपयाएवढं! शेवटी पहिली वडी सोडली, झारा जरासा लागला आणि तेलानं भरलेली कढई अशी डुलली की पोटात गोळाच आला.

बटण बंद केलं, पण काच कितीतरी वेळ धगधगतच होती. गॅससारखी आच लगेच जात नाही. "माय वं, खाली रिंग ठेव ना," सासूबाई म्हणाल्या. नको म्हटलं. रिंगमुळे उष्णता खालीच कोंडते, काच तडकायची भीती.

दुपारच्या उन्हात इतवारीत जाऊन सपाट बुडाची कढई आणली. यावेळी तेल अर्ध्याच्या खाली, झाकण हाताशी. तेल पेटलंच तर झाकण ठेवायचं, पाणी अजिबात नाही. वड्या मस्त खुसखुशीत झाल्या, सोबत कढी. जुनी कढई गॅससाठी राखून ठेवलीय, तरी सासूबाईंचा रुसवा अजून गेलेला नाही.