स्टुटगार्टच्या डब्यात सोलापूरची कडक भाकरी

सकाळपाळीला मी ६ वाजता मशीनवर उभा असतो, म्हणजे ४ ला उठणं आलं. बाहेर मिट्ट काळोख, आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला की रोज आई आठवते. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत याच वेळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा.

अण्णा यंत्रमागावर होते. १२ तासांची पाळी, तीही उभ्यानं. आई विड्या वळायची. दिवसाला १००० झाल्या की मजुरी पुरी. मांडीवर सूप घ्यायच्या आधी तिच्या दहा-बारा भाकरी झालेल्या असायच्या. अण्णांच्या डब्यात तीन भाकरी, डाळकांदा नाहीतर वांगं, फोडलेला कांदा आणि शेंगा चटणी. तो डबा सायकलवरून मी पोहोचवायचो. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही. अण्णा डबा हातात घेऊन वजन बघायचे आणि मान हलवायचे, एवढंच.

चटणीचं सांगायलाच हवं. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ हे सगळं उखळातच कुटायचं. मिक्सरमध्ये नुसता कूट होतो. कुटता कुटता दाण्याला तेल सुटतं, चटणी मुसळाला चिकटायला लागते, तेव्हा ती झाली म्हणायची. शेजारच्या तेलुगू मावशींकडेही हीच चटणी, फक्त भाकरीला त्या जोन्न रोट्टे म्हणायच्या.

इथं जर्मनीत आलो तेव्हा पहिले तीन महिने मी पाव आणि जॅमवर काढले. एकदा सकाळी १० च्या सुमारास मशीनजवळ डोळ्यांपुढं अंधारी आली, दोघांनी धरून बसवलं. त्या संध्याकाळी भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. पण पीठ जुनं, विरी गेलेली. थापायला घेतलं की कडा फाटायच्या. आईला फोन केला.

"पीठ शिळं हाय. उकळतं पाणी घाल, आन् गार व्हायच्या आत मळ."

भाकरी जमली, पण आईच्या हातची नाही. ती आपल्याकडच्या मालदांडी ज्वारीची असते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ पावसाळा सरता सरता पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलाव्यावरच वाढायची. तशी गोडी या पिठाला कुठून येणार? म्हणून आता घरून कडक भाकरी येते. पातळ थापून, पार वाळवलेली, मोडली की कट् आवाज करणारी. आठवडेच्या आठवडे टिकते.

इथल्या कारखान्यात दुपारी कोणीही समोर आलं की 'माल्टसाइट' म्हणतात, म्हणजे जेवणवेळ. नमस्काराच्या जागी जेवणाचं नाव घेणारी माणसं मला पहिल्याच दिवशी आपली वाटली. त्यांचं कष्टकऱ्याचं जेवण म्हणजे लिन्झेन मिट श्पेट्झले: व्हिनेगर घातलेली घट्ट मसूर, खाली अंड्याच्या पिठाच्या शेवया, बाजूला सॉसेज. ही मसूर जवळच्या श्वेबिश आल्ब पठारावरच्या खडकाळ, हलक्या रानात व्हायची. आडवी पडू नये म्हणून तिच्यात ओट किंवा जव पेरतात, आधाराला. पुढं मेहनत परवडेना, पीक बंद पडलं, जुनं वाणही गेलं. ते २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात सापडलं आणि पुन्हा पेरलं जाऊ लागलं. हे मला शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या सहकाऱ्यानं सांगितलं. सांगताना त्याचा गळा भरून आला होता.

त्याला मी अर्धी कडक भाकरी दिली. काही न सांगता त्यानं ती चुरून मसुरीत घातली, जरा भिजू दिली आणि मग खाल्ली. आपण आमटीत खातो तशीच! माझ्या अंगावर काटा आला.

नोकरीला इकडं येणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: भाषा शिकता तशी भाकरीही थापायला शिकून या. परातीत हात घालायची लाज नको.

आता अण्णा घरी असतात, आईनं विड्या सोडल्या. हिवाळ्यात माझे ४ वाजतात तेव्हा सोलापुरात साडेआठ झालेले असतात, आणि फोन येतो.

"डब्यात काय घातलास?"

परवा त्या सहकाऱ्याचं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "वय किती त्याचं? दात बरे हैत का?" बरे आहेत म्हटलं.

"मग या वेळी वीस जास्त घालते. चटणीत तिखट कमी करू का त्याच्यासाठी?"