आमची वाटचाल : फुटाण्यांच्या भट्टीपासून कॉफीच्या ड्रमपर्यंत

नाशिकच्या भद्रकालीत आमच्या वडिलांची फुटाण्यांची भट्टी होती. तापल्या वाळूत हरभरे टाकायचे, झाऱ्यानं हलवायचे, चाळून काढायचे. त्यामुळे "हे लोक कॉफीत नवखे" असं बाजारात अजूनही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. भाजणं आमच्या हातात होतंच, फक्त बी बदलली.

ती बदलायला कारण झाले ओझरचे अण्णा. नोकरी एचएएलच्या विमान कारखान्यात, गाव कर्नाटकातल्या हासनकडचं, कॉफी माटुंग्याहून आणायची. १९९७ च्या दिवाळीनंतर चिकमगळूरची अडीच किलो कच्ची पीबेरी (फळात दोनाऐवजी एकच गोल बी असते ती कॉफी) घेऊन ते दुकानात आले आणि वडिलांना म्हणाले, "शेठ, एवढी भाजून द्या." वडिलांनी टाकली वाळूत. बाहेरून कोळसा, आतून हिरवट. अण्णांनी एक बी दाताखाली फोडली, थुंकली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा अडीच किलो घेऊन आले. असे सात महिने. असा गिऱ्हाईक मिळायला पुण्याई लागते.

१९९९ मध्ये आम्ही पाच किलोंचा जुना गॅसचा ड्रम घेतला. आम्ही म्हणजे मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, निम्मे निम्मे पैसे. तो ड्रम आजही चालतो. पुढे काचेची खिडकी, खाली बी बाहेर काढून बघायचा दांडा, त्याची लाकडी मूठ मी दोनदा बदलली आहे. २०० अंशांवर बी आत टाकली की तापमानाचा काटा झपकन खाली येतो आणि मग हळूहळू चढायला लागतो. दीडशेच्या आसपास बी पिवळी पडते, गवताचा वास जाऊन भाजलेल्या पावाचा येतो. १९६ ते २०० च्या दरम्यान पहिला क्रॅक, म्हणजे बी तडकल्याचा आवाज, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. त्याच्यापुढे मात्र दांडा हातातून सोडायचा नाही. क्रॅक सुरू होताच काढलीत तर कॉफी आंबटसर, फळाच्या वासाची. दीड-दोन मिनिटं जाऊ दिलीत तर आंबटपणा उतरतो, गोडवा येतो, कॉफी जिभेला दाट लागते. सव्वादोनशेच्या सुमाराला दुसरा क्रॅक, हा बारीक, तव्यावर जाडं मीठ तडतडावं तसा. तेल वर येतं, कडवटपणा चढतो, आणि मग बी कुठल्या मळ्यातली हे जिभेला कळत नाही, नुसती भट्टी लागते. आपण दूध घालून पिणारी माणसं, आपल्याला या दोन आवाजांच्या मधली सोसते. हल्ली कॉलेज रोडवरची मुलं हलकी भाजलेली मागतात. देतो. पण त्यात दूध घालून "आंबट लागते" म्हणून परत आणू नये.

आता २००४. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

अण्णा दुकानात आले, डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "अरे, झाकण उघडलं तर वासच आला नाही. भाजून किती दिवस झाले याला?" झाले होते फक्त सहा. मी वही काढली. प्रत्येक घाण्याचं वजन लिहायची सवय वडिलांची. माझ्या घाण्यांना घट पंधरा-सोळा टक्के, म्हणजे पाच किलोंचे सव्वाचार किलो. भागीदाराच्या रात्रपाळीचे घाणे साडेचार किलो, सलग चार महिने. घट दहा टक्के! आणि रंग माझ्यापेक्षा काळा. अहो, कच्च्या बीत पाणीच दहा-बारा टक्के असतं. तेवढं उडालं तरी दहा होतात. वर फोलपट जातं, भाजताना वायू होऊन जातं ते वेगळं. मग बी काळी होऊन वजन राहतं कसं?

त्या रात्री मी मागच्या दारानं गेलो. बी थंड करायच्या थाळीवर हा गृहस्थ द्राक्षबागेतला फवारणीचा हातपंप घेऊन उभा. फुस्स, फुस्स. मी म्हणालो, "काय चाललंय?" तर म्हणतो, "थंड करतोय. मोठ्या कारखान्यांत असंच करतात." करतात, खोटं नाही. तीन-चार मिनिटांत बी थंड झाली नाही तर स्वतःच्याच उष्णतेनं भाजत राहते, म्हणून मापून थोडं पाणी मारतात, ते वाफ होऊन जातं. हा ते बीत मुरवत होता, वजन भरावं म्हणून. ओली बी लवकर शिळी होते, दळताना गोळे होतात आणि गिऱ्हाईक कॉफीच्या भावानं गोदावरीचं पाणी विकत घेतं.

भागीदारी मोडली. महिन्याभरात त्यानं समोरच्याच बोळात दुकान टाकलं, किलोमागे वीस रुपये स्वस्त. आमच्याकडून कॉफी घेणाऱ्या अकरा हॉटेलांपैकी नऊ तिकडे गेली. कमी भाजलेल्या रोबस्टात (ही स्वस्तातली कॉफीची जात) चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, ओतली की रंग तर येतोच. (पाकीट घेताना चिकोरीचा टक्का वाचत जा. कायद्यानं कॉफी निम्म्याहून जास्त, ५१ टक्के तरी लागते.) मला शिकवायला सगळे आले. मेहुणे म्हणाले, तूही पंप आण. त्या पावसाळ्यात आठवड्याला दोनच घाणे निघत होते, गॅसचे पैसे वडिलांच्या फुटाण्यांतून जात होते. अण्णांनी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ दिले आणि ओझरच्या वसाहतीत चौदा घरं लावून दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्कूटरवर डबे पोचवायचो. त्यावर तरलो.

मग हॉटेलं एकेक परत आली. पुढची पंधरा-सोळा वर्षं धंदा झाला. पंधरा किलोंचा दुसरा ड्रम आला, मुलगी हिशेब बघू लागली.

नव्यानं ड्रम घेणाऱ्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. डिसेंबरात नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा ड्रम अर्धा तास आधी पेटवा, आणि पहिला घाणा विकू नका, घरी प्या. धुराड्यातलं फोलपट दर आठवड्याला काढा, ते कापरासारखं पेटतं. भाजलेली बी दोन दिवस मोकळी राहू द्या, वायू सोडते. आणि प्रत्येक घाणा मोजा.

समोरचं दुकान कधीच बंद झालं. वाटणीच्या वेळी तो पंप इथेच विसरून गेला, आता आमच्या तुळशीला उपयोगी पडतो. वडिलांचा पितळी वजनकाटा मात्र त्यानं नेला होता. दोनदा निरोप पाठवला. अजून आलेला नाही.